आवक खिडकीवरील अदृश्य कारकून

(ग्रामपंचायतींचे कर्मचारी, शिक्षक व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज हातात घेऊन ज्यांनी सकाळ काढली आहे, त्यांना आवक खिडकीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. खिडकीपलीकडे कारकून बसलेला असे. तो अर्ज हातात घेई, मागची पाने उलटून पाही, दाखला जोडला नसेल तर तसे तोंडावर सांगे, आणि सर्व ठीक असेल तर बारनिशीत नोंद करून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक टाकून देई. त्या शिक्क्याला पोच म्हणत. पोच हाती पडली की अर्जदार निर्धास्तपणे घरी जाई. पुढे कागद हरवला तरी तो कचेरीकडून हरवला, आपल्याकडून नव्हे, हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्या खिशात असे.

आज शिष्यवृत्तीचे अर्ज, रहिवासी व उत्पन्नाचे दाखले, बांधकामाचे परवाने, परीक्षांची आवेदनपत्रे अशी कितीतरी कामे संगणकावरून होतात. अर्जदार छायाचित्र व दाखले वेब-अर्जास जोडतो, 'अपलोड' लिहिलेल्या कळीवर बोट ठेवतो आणि वाट पाहतो. खिडकी आहे, रांगही आहे. फक्त कारकून दिसत नाही. मात्र तो नाहीसा झालेला नाही. त्याची जागा दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या एका छोट्या आज्ञावलीने घेतली आहे. तिला 'स्क्रिप्ट' असे म्हणतात. ही आज्ञावली लिहिणाऱ्याने तिला जेवढे शिकविले असेल तेवढेच तिला येते. शिकविताना काही राहून गेले तर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती जाते, एखाद्याचा खाजगी कागद परक्याच्या हाती पडतो, आणि कधी कधी सारी कचेरीच परक्याच्या ताब्यात जाते. म्हणून या कारकुनाचे काम कसे चालते, हे अर्ज भरणाऱ्याला, भरून देणाऱ्या शिक्षकाला आणि असे अर्ज तयार करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच्या वेब-अर्जांत कागद जोडण्याची सोयच नव्हती. नाव, गाव, वय असा टंकलिखित मजकूर तेवढा पाठविता येई. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर या दोघांनी अर्जातून अखंड फाइल पाठविण्याची रीत सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला. इंटरनेटच्या दप्तरात तो १८६७ या क्रमांकाने नोंदलेला आहे. त्यांनी नवे काही फारसे शोधले नाही, आणि यातच त्यांचे शहाणपण होते. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी ई-पत्रांसोबत चित्रे व इतर जोडपत्रे पाठविण्यासाठी 'माइम' नावाची पद्धत घालून दिली होती. तीच पद्धत त्यांनी अर्जाला लावली.

ती पद्धत अशी. ब्राउझर, म्हणजे ज्या साधनातून अर्जदार अर्ज पाहतो ते, सर्व माहितीचे एक लांबलचक पाकीट तयार करतो. या पाकिटात एकामागून एक जोडपत्रे असतात आणि दोन जोडपत्रांमध्ये एक सीमारेषा असते. ही सीमारेषा म्हणजे अक्षरांची व अंकांची अशी एक माळ की जी आतील कागदांत सहसा कोठेही आढळू नये. ब्राउझर ती दर वेळी नव्याने रचतो. प्रत्येक जोडपत्राच्या डोक्यावर एक लहानशी चिठ्ठी असते. हा कागद अर्जातील कोणत्या रकान्याचा, त्याचे नाव काय आणि तो कोणत्या प्रकारचा, एवढे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. या रचनेला 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' असे नाव आहे. अर्जाच्या रचनेत हे नाव लिहावयास करणारा विसरला, तर मोठी गंमत होते: दाखल्याचे नाव तेवढे सर्व्हरवर पोचते, दाखला पोचत नाही. पाकिटावर 'सोबत उत्पन्नाचा दाखला' असे लिहिलेले, आणि आत कागदच नाही! नवशिक्या संगणककारांच्या हातून ही चूक आजही होते.

आता पाकीट पोचल्यानंतरचा प्रवास पाहू. सर्व्हरवरच्या आज्ञावल्या अनेक भाषांत लिहिल्या जातात. त्यांपैकी 'पीएचपी' ही भाषा फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रास्मुस लेरडॉर्फ यांनी आपल्या स्वतःच्या वेब-पृष्ठासाठी केलेली काही हत्यारे १९९५ मध्ये सर्वांना खुली केली, त्यांतून ही भाषा वाढली. पाकीट आले की पीएचपी ते सीमारेषांवर फोडते. मजकुराचे रकाने एका यादीत ठेवते आणि प्रत्येक फाइल एका तात्पुरत्या कोठडीत, स्वतःच ठरविलेल्या निरर्थक नावाने, ठेवून देते. मग ती आज्ञावलीला मुख्यतः पाच गोष्टी सांगते: पाठविणाऱ्याने दिलेले नाव, पाठविणाऱ्याने सांगितलेला प्रकार, प्रत्यक्ष मोजलेला आकार, कोठडीतील तात्पुरते नाव आणि एक त्रुटी-क्रमांक.

या पाच गोष्टींकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढचे जवळजवळ सर्व अनर्थ येथूनच निघतात. पाचांपैकी आकार, तात्पुरते नाव आणि त्रुटी-क्रमांक या तीन गोष्टी सर्व्हरने स्वतः पाहून लिहिलेल्या असतात. नाव आणि प्रकार या दोन गोष्टी मात्र पाठविणाऱ्याचे केवळ कथन होय. तलाठ्यापुढे जमिनीच्या हद्दीबद्दल एखादा इसम जे सांगतो ते त्याचे निवेदन. पंचांसमक्ष साखळी लावून जे लिहिले जाते तो पंचनामा. निवेदनाला पंचनामा समजणारा तलाठी जसा अडचणीत येईल, तशीच 'हे छायाचित्र आहे' एवढ्या शब्दावर फाइल स्वीकारणारी आज्ञावली अडचणीत येते.

कोठडी तात्पुरती असते, हेही ध्यानात ठेवावयाचे. आज्ञावलीचे काम संपले की पीएचपी त्या कोठडीतील फाइल पुसून टाकते. तत्पूर्वी आज्ञावलीने ती उचलून कायमच्या जागी हलविली पाहिजे. या कामासाठी भाषेत 'मूव्ह अपलोडेड फाइल' नावाची स्वतंत्र आज्ञा आहे. हलविण्यापूर्वी ती फाइल खरोखरच अर्जातून आलेली आहे ना, याची खात्री ती करून घेते. त्यामुळे कोणी चतुराईने सर्व्हरच्याच एखाद्या गुप्त फाइलीचे नाव पुढे केले तरी ती हलत नाही. तिचे उत्तर 'झाले' किंवा 'नाही' असे येते. पुष्कळ आज्ञावल्या हे उत्तर ऐकूनच घेत नाहीत. साठवणीची जागा भरलेली असते, किंवा तेथे लिहिण्याची परवानगी नसते, फाइल हलत नाही, आणि पडद्यावर मात्र 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असे हिरव्या अक्षरांत झळकते. कागद पदरात न पडताच पोचेचा शिक्का मारणारा कारकून कोणत्याही कचेरीत एक दिवसही टिकला नसता.

त्रुटी-क्रमांकांची यादी लहान आहे. शून्य म्हणजे फाइल नीट पोचली. १ म्हणजे सर्व्हरने घातलेल्या मर्यादेपेक्षा ती मोठी आहे. २ म्हणजे अर्जातच लिहिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे; ही मर्यादा अर्जदाराच्या बाजूस असल्याने ती बदलता येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. ३ म्हणजे फाइल अर्धवट आली. पावसाळ्यात घाटाखालच्या आणि सत्तरीसारख्या डोंगराळ भागांत वीज व दूरध्वनी यांची जी अवस्था होते, ती पाहिलेल्यांना या तिसऱ्या क्रमांकाचा अर्थ अधिक सांगावयास नको. ४ म्हणजे फाइल जोडलीच नाही. ६, ७ आणि ८ हे सर्व्हरच्या घरातले दोष आहेत: कोठडी नाही, लिहिता आले नाही, किंवा भाषेच्या एखाद्या पुरवणीने अडविले. आजच्या यादीत ५ हा अंक नाही. शोधणाऱ्याने शोधत बसू नये.

परंतु सर्वांत वाईट त्रुटी ती, जिला क्रमांकच नाही. पीएचपी बसविली असता, कोणी काही बदल केला नाही तर, एका फाइलीची मर्यादा २ मेगाबाइट आणि सर्व पाकिटाची मर्यादा ८ मेगाबाइट असते. २ मेगाबाइट म्हणजे २०,९७,१५२ बाइट. ज्या काळी ही मर्यादा ठरली त्या काळी ती उदार वाटली असेल. आज खिशातल्या साध्या भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र सहज ३ ते ५ मेगाबाइटांचे होते. एखाद्या विद्यार्थिनीने गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि स्वतःचे छायाचित्र अशा चार फाइली जोडल्या की १२ ते २० मेगाबाइट होतात. पाकिटाची एकूण मर्यादा ओलांडली गेली तर पीएचपी आज्ञावलीच्या हाती दोन्ही याद्या रिकाम्या ठेवते. फाइली नाहीत, इतकेच नव्हे, तर नाव नाही, गाव नाही, काहीच नाही. आज्ञावलीला वाटते, कोणी अर्ज केलाच नाही. म्हणून ती पुन्हा कोरा अर्ज पुढे करते.

ही गोष्ट अर्जदाराच्या बाजूने पाहावी. शिष्यवृत्तीच्या मुदतीचा अखेरचा दिवस आहे. शाळेत एकच संगणक आहे. मुख्याध्यापकांनी तिसऱ्यांदा सर्व रकाने भरले, कळ दाबली, चक्र बराच वेळ फिरले आणि पडद्यावर पुन्हा कोरा अर्ज आला. काय चुकले हे कोणी सांगितले नाही. मुलीला वाटते, सरांना जमले नाही. सरांना वाटते, शासनाचा संगणक बिघडला. आणि कचेरीतल्या अधिकाऱ्याला वाटते, त्या शाळेतून अर्जच आला नाही. तिघेही प्रामाणिक आहेत. दोष त्या आज्ञावलीतील न लिहिलेल्या दोन-चार ओळींचा आहे. पाकीट किती बाइटांचे आहे हे त्याच्या माथ्यावर लिहिलेले असते. याद्या रिकाम्या आणि माथ्यावर मोठा आकडा, असे दिसताच 'आपण जोडलेले कागद एकूण इतक्या आकाराचे झाले. ते इतक्यापेक्षा कमी करावेत' असा निरोप देता येतो. तो निरोप अर्जदाराच्या भाषेत असावा, म्हणजे गोव्यात मराठी वा कोकणीत आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत कन्नडबरोबर मराठीतही असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. मर्यादा आधीच, अर्जाच्या वरच्या बाजूस छापणे हे तर त्याहूनही सोपे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर फाइलींच्या नावांबद्दलही सांगितले पाहिजे. विद्यार्थी आपल्या फाइलीला 'उत्पन्न दाखला' असे देवनागरीत नाव देतो. पुष्कळ जुन्या आज्ञावल्या सुरक्षिततेच्या नावाखाली रोमन अक्षरे व अंक सोडून बाकी सर्व चिन्हे नावातून खरवडून काढतात. देवनागरी नावाचे असे खरवडून झाले की शिल्लक काहीच राहत नाही. दोघा विद्यार्थ्यांच्या फाइली त्याच बिननावाने एकाच ठिकाणी ठेवल्या गेल्या, तर दुसरी पहिलीवर बसते आणि पहिली नाहीशी होते. २०१५ मध्ये लॅरी मासिंटर यांनीच तयार केलेल्या ७५७८ क्रमांकाच्या सुधारित मसुद्यात नावे यूटीएफ-८ या सर्वलिपी पद्धतीने पाठविण्याचा विचार आहे. तरीही खरा उपाय निराळाच आहे. पाठविणाऱ्याच्या नावाने फाइल ठेवूच नये. कार्यालयाने स्वतःचे, कोणाला तर्काने काढता येणार नाही असे नवे नाव द्यावे आणि मूळ नाव नोंदवहीत तेवढे लिहून ठेवावे. कचेरीत आलेल्या कागदावर आवक क्रमांक पडतो, अर्जदाराने पाकिटावर काय लिहिले त्यावरून तो लावला जात नाही. तसेच हे आहे.

यात आणखी एक मोठा लाभ आहे, आणि येथे आपण धोक्याच्या प्रदेशात शिरतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी तिचा प्रकार दर्शविणारी अक्षरे असतात, उदाहरणार्थ जेपीजी, पीडीएफ. ती अक्षरे 'पीएचपी' अशी असली, आणि ती फाइल सर्वांना दिसणाऱ्या कोठीत ठेवली गेली, तर सर्व्हर तिला कागद समजत नाही, हुकूम समजतो. ती फाइल पाठविणारा पुढे ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडतो आणि तीत लिहिलेले हुकूम सर्व्हर पाळू लागतो: अमुक कोठीतली नावे दाखव, तमुक डेटाबेस मला पाठव, हे पुसून टाक. अर्ज देण्यास आलेला इसम काचेखालच्या फटीतून कागद सरकवितो, आणि तोच कागद आतल्या खुर्चीत बसून कचेरीला आज्ञा देऊ लागतो, असा हा प्रकार. जगभरच्या संगणकांवर असे घुसखोर कागद आजवर असंख्य वेळा सापडले आहेत.

उपाय एकच नाही. दाराला कडी, कुलूप आणि आत आडणा, असे एकापाठोपाठ एक अडथळे ठेवावे लागतात. कोणते प्रकार चालतील याची छोटी यादी करावी व बाकी सर्व नाकारावे. कोणते चालणार नाहीत याची यादी करू नये, कारण ती कधीच पुरी होत नाही. फाइल कोणत्या प्रकारची हे तिच्या अंतरंगावरून तपासावे. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पुढे पी, डी, एफ ही रोमन अक्षरे असतात. जेपीजीचे पहिले तीन बाइट ठरलेले असतात. पीएनजी तर दुसऱ्या बाइटापासून आपले नावच सांगते. पीएचपीत ही तपासणी करण्याची सोय अंगभूत आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. डोके छायाचित्राचे आणि शेपूट हुकुमाचे अशी फाइल बनविता येते. म्हणून छायाचित्र असेल तर ते उघडून नव्याने लिहून काढावे. त्यात शेपूट गळून पडण्याचा बराच संभव असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेल्या फाइली वेबवरून थेट न उघडणाऱ्या कोठीत ठेवाव्या, तेथे हुकूम चालविण्याची मुभाच नसावी. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित तोच आहे.

उपायालाही कधी वाळवी लागते. छायाचित्रे लहान-मोठी करण्यासाठी 'इमेजमॅजिक' नावाचे साधन सर्वत्र वापरले जाते. मे २०१६ मध्ये असे उघडकीस आले की, विशिष्ट रीतीने घडविलेले चित्र त्याच्यापुढे ठेवले तर ते चित्रातलाच हुकूम चालविते. त्याहून पूर्वी, फेब्रुवारी २००२ मध्ये, पाकीट फोडणाऱ्या पीएचपीच्या मूळ भागातच छिद्रे असल्याचे श्टेफान एसर यांनी दाखविले. ज्यांना नवी आवृत्ती लगेच बसविता येत नव्हती, त्यांपैकी अनेकांना फाइली घेण्याची सोय तूर्त बंद ठेवावी असा सल्ला मिळाला. दाबून भरलेल्या झिप फाइलींची तऱ्हा आणखी वेगळी. एक कुप्रसिद्ध झिप फाइल अवघी ४२ किलोबाइटांची आहे. ती थरावर थर उलगडत गेली तर ४५ लक्ष गिगाबाइटांच्या घरात जाते. वामनाच्या तीन पावलांची गोष्ट येथे कोणासही आठवेल.

परंतु या विषयात जी घटना प्रत्येक अधिकाऱ्याने जाणून घ्यावी, ती अमेरिकेतील आहे. इक्विफॅक्स ही तेथील नागरिकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी मोठी कंपनी. आपल्या नोंदीत चूक आहे असे ज्याला वाटे, त्याने तक्रार करावी व पुष्ट्यर्थ कागद अपलोड करावे, यासाठी तिने एक वेब-खिडकी ठेवली होती. तिच्यामागे जावा भाषेतील 'अपाची स्ट्रट्स' ही यंत्रणा होती. पाकिटाच्या माथ्यावर प्रकार सांगणारी जी ओळ असते, तीत भलताच मजकूर आला तर ही यंत्रणा 'हा प्रकार समजला नाही' असा त्रुटीचा निरोप तयार करी आणि त्या निरोपात तो भलता मजकूर उतरवून घेई. येथवर ठीक. पण निरोप तयार करताना त्यातील मजकूर हुकूम म्हणून वाचला जाई. म्हणजे फाइल पाठविण्याचीही आवश्यकता उरली नाही. पाकिटावरची चिठ्ठीच पुरेशी झाली.

या दोषावरील दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी शासकीय इशारा निघाला, आणि कंपनीच्या आतही तसे टपाल फिरले. त्या विशिष्ट खिडकीवर मात्र दुरुस्ती बसली नाही. १३ मे रोजी घुसखोर तिच्यातून आत शिरले. आत त्यांना साध्या मजकुरात लिहून ठेवलेले परवलीचे शब्द मिळाले, त्यांच्या आधारे ते आणखी ४८ डेटाबेसांपर्यंत पोचले आणि त्यांनी सुमारे ९,००० वेळा माहिती मागविली. बाहेर जाणाऱ्या माहितीवर पाळत ठेवणारे यंत्र होते. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती, त्यामुळे ते आंधळे झाले होते. २९ जुलै रोजी प्रमाणपत्र नवे केल्याबरोबर चोरी दिसली. ७ सप्टेंबरला ती जगजाहीर झाली. सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती त्यात गेली. ज्यांनी विश्वासाने आपले कागद अपलोड केले होते, अशा सुमारे १,८२,००० तक्रारदारांची कागदपत्रेही त्यांत होती. जुलै २०१९ मधील समझोत्यानुसार कंपनीला किमान ५७ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने चिनी लष्करातील चौघांवर या प्रकरणी आरोप ठेवले.

कंपनीच्या माजी प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना दुरुस्ती न बसण्याचा दोष एका कर्मचाऱ्याने निरोप पुढे न दिल्याकडे लावला. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही. ज्या कचेरीत कोट्यवधी लोकांचे कागद एका माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असतात, तेथे दोष त्या माणसाचा म्हणावयाचा की कचेरीच्या रचनेचा?

एवढ्या दूर न जाताही एक साधा धोका दाखविता येतो. काही ठिकाणी आलेले दाखले क्रमांकाने ठेवलेले असतात, आणि स्वतःचा दाखला पाहताना पत्त्यात तो क्रमांक दिसतो. शेवटचा अंक बदलला की शेजाऱ्याचा दाखला पुढे येतो. यात कोणी कुलूप तोडलेले नसते; कुलूपच नसते. ज्याचा कागद त्यालाच, किंवा त्या कामाशी संबंधित अधिकाऱ्यालाच, ओळख पटवून दाखविला गेला पाहिजे. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, माहिती गोळा करणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकलेली आहे. सायबर घटना घडल्यास ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी, असे केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. कार्यालयप्रमुखांनी हे निर्देश एकदा काढून वाचावेत.

जो कागद मागितलाच नाही, तो हरवत नाही व चोरीलाही जात नाही. अर्जात दहा जोडपत्रे मागण्याची सवय कागदी कारभारातून आली. ती संगणकात जशीच्या तशी उतरविण्याचे कारण नाही. १ जुलै २०१५ रोजी 'डिजिलॉकर' ही केंद्राची सेवा सुरू झाली, तेव्हापासून अनेक प्रमाणपत्रे ती देणाऱ्या खात्याकडूनच थेट मिळविता येतात आणि त्यांना मूळ कागदाचा दर्जा आहे. ज्या शासकीय कचेरीने उत्पन्नाचा दाखला दिला, तिच्याच शेजारच्या खात्याने अर्जदाराला त्याचे छायाचित्र काढून पाठवावयास सांगावे, ही स्थिती फार काळ समर्थनीय ठरणार नाही. आधार क्रमांकाचे पहिले ८ अंक झाकलेली प्रत मिळण्याचीही सोय आहे; ती जेथे पुरते तेथे संपूर्ण क्रमांक मागू नये.

राहिली पोच. आज्ञावलीने पोच केव्हा द्यावी, याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम त्रुटी-क्रमांक पाहावा. मग आकार व अंतरंग तपासावे. मग फाइल नव्या नावाने कायमच्या कोठीत हलवावी व ती हलल्याची खात्री करावी. मग नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसात, नोंद घ्यावी. नोंद झाली नाही तर हलविलेली फाइलही काढून टाकावी, आणि अर्जदारास स्पष्ट शब्दांत पुन्हा प्रयत्न करण्यास सांगावे. हे सर्व पार पडल्यावरच क्रमांक, दिनांक व वेळ यांसह पोच पडद्यावर यावी. तिच्यात प्रत्येक जोडपत्राचे नाव आणि पोचलेला आकार लिहिलेला असावा. शक्य तर स्वीकारलेला कागद अर्जदाराला तेथेच उघडून दाखवावा. कित्येकदा फाइल पोचते, पण ती चुकून मागच्या वर्षीच्या दाखल्याची असते. आज्ञावलीला ते कळत नाही, मुलीच्या आईला पाहताक्षणी कळते.

अर्ज भरणाऱ्यांनीही थोडे सांभाळावे. दाखल्याचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून काढावे. मागे जमीन किंवा टेबल दिसते तेवढा भाग कापून टाकावा, म्हणजे आकारही उतरतो. भ्रमणध्वनीत छायाचित्र लहान करण्याची सोय असते, ती शिक्षकांनी एकदा मुलांना दाखवून द्यावी. सेवा केंद्रातील संगणकावर काम झाल्यानंतर आपल्या फाइली तेथून पुसून घ्याव्या. आणि पडद्यावर हिरवी अक्षरे आली म्हणून उठून जाऊ नये. क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक आला नसेल, तर मुदत संपण्यापूर्वीच कचेरीत जाऊन तसे लेखी कळवावे, आणि त्या लेखी अर्जावर आवक खिडकीवरचा शिक्का मागून घ्यावा. ती खिडकी अजून उघडी आहे.